साउंडवाले भाऊ यांस कुईपूर्वक नमस्कार

श्रीयुत साउंडवाले भाऊ,
मुक्काम : मिक्सरमागची प्लास्टिकची खुर्ची, जिल्हा बुलडाणा.



पत्रात तुमचं नाव घालत नाही. ते तुमच्या गाडीवर, बॉक्सवर, जनरेटरवर आणि तुमच्या पोरांच्या टी-शर्टवर रेडियमच्या अक्षरात आधीच इतक्या ठिकाणी आहे, की आणखी एका जागेची गरज नाही. शिवाय मलकापूरपासून सिंदखेडराजापर्यंत आणि जळगाव जामोदपासून लोणारपर्यंत तुमचे इतके गुरुबंधू पसरलेत, की हे पत्र आपल्यालाच आलंय असं प्रत्येकाला वाटेल. वाटू द्या.

सर्वप्रथम अभिनंदन. गणपतीत मेहकरला झालेल्या भावगीतांच्या कार्यक्रमात तुम्ही माझ्या गिटारचा जो आवाज काढलात, तो आजवर कुठल्याही लाकडातून निघालेला नाही. चांगल्या स्प्रूसच्या फळीची गिटार ऐकणाऱ्याला पत्र्याची वाटावी, ही साधी गोष्ट नव्हे. त्यासाठी एकापाठोपाठ एक बऱ्याच गोष्टी अचूक चुकाव्या लागतात. तुमच्या हातून त्यातली एकही निसटली नाही.

मेहकर म्हणजे कवी ना. घ. देशपांड्यांचं गाव. त्यांची ‘शीळ’ जी. एन. जोशींनी गायली, १९३० च्या दशकात तिची रेकॉर्ड निघाली, आणि मराठी भावगीताची गोष्ट सांगायला बसलेला माणूस बहुतेक वेळा तिथूनच सुरुवात करतो. आम्हीही केली. निवेदिका म्हणाली, ‘आता ऐकू या, शीळ.’ आणि भाऊ, गायिकेनं तोंड उघडायच्या आत ती तुम्हीच ऐकवलीत. कुईईई! पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी कानातलं यंत्र काढलं, रुमालात गुंडाळलं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं. ते शेवटपर्यंत बाहेर काढलं नाही. इतका समाधानी श्रोता मी त्या रात्री दुसरा पाहिला नाही.

आता मुळापासून. साउंड चेकला चार वाजता या, असं ठरलं होतं. तुमचा छोटा हत्ती सात वाजता आला. मग तारा ओढणं, जनरेटरला शिव्या देणं, लायटिंगवाल्याशी एका पॉइंटवरून भांडण, आणि त्यानंतर तो अजरामर मंत्र : हॅलो, हॅलो, चेक, वन टू थ्री, गणपती बाप्पा मोरया. मोरया छान आला, म्हणजे साउंड चेक झाला. मी म्हटलं, ‘भाऊ, गिटारचा चेक राहिला.’ तुम्ही म्हणालात, ‘होते सारं बराबर.’ आपल्याच जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. तिथे निदान रात्रभर घट मांडून ठेवतात, पहाटे निरखतात आणि मगच पावसापाण्याचं भाकीत करतात. तुम्ही घट न मांडताच पीक जाहीर केलंत.

मग मी सांगितलं की गिटारला पिकअप आहे. तुम्ही मान वळवून बाहेर रस्त्याकडे पाहिलंत आणि विचारलंत, ‘कोणती? बोलेरो का?’ सगळे हसले, मीही हसलो. पण त्या एका प्रश्नात पुढच्या अडीच तासांचं भविष्य होतं, हे तेव्हा कळायला हवं होतं.

हा पिकअप म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीखाली बसवलेली एक बारीक पट्टी. काही स्फटिकांवर दाब पडला की त्यातून वीज निघते, हे पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. त्याच तत्त्वावर ही पट्टी चालते : तार छेडली, घोडीवर दाब पडला, पट्टीतून नखाएवढा सिग्नल निघाला. हा सिग्नल नाजूक असतो. त्याच्या पोटातला अवरोध फार मोठा, म्हणून समोरचं यंत्रही त्याच तोलाचं लागतं. साधारण दहा लाख ओहम, म्हणजे एक मेगाओहम. तुमच्या मिक्सरचं लाइनचं भोक बहुधा दहा हजारांच्या आसपास असतं. पट्टी सरळ तिथे खुपसली की बेस वाटेतच गळतो, आणि उरतो तो कर्कश, नाकातला टक्-टक् आवाज. परदेशात वाजवणारे त्याला बदकाचं ओरडणं म्हणतात. मेहकरच्या बदकांची मी आधीच क्षमा मागून ठेवतो.

यावर उपाय म्हणून माझ्याजवळ एक काळी डबी होती, डीआय बॉक्स. एका बाजूनं गिटार घ्यायची, मोठा अवरोध दाखवून सिग्नल जपायचा, आणि दुसऱ्या बाजूनं माईकच्या तीन पिनांच्या वायरीतून तो लांब मिक्सरपर्यंत सुखरूप पोचवायचा, एवढंच तिचं काम. तुम्ही ती दोन बोटांत धरून उलटीपालटी केलीत आणि निकाल दिलात : ‘मधी काही आलं की आवाज कमी होते. डायरेक्ट मारा.’ मग कुठूनशी एक जॅकवाली वायर आली, तिला मध्यावर सेलोटेपचा पट्टा होता, आणि गिटार डायरेक्ट मारली गेली. हा शब्द तुम्ही अगदी योग्य वापरलात.

इथे एक गोष्ट मान्य करतो. आवाज पातळ आला हे तुमच्याही लक्षात आलं. बेस कमी वाटतो म्हटल्यावर कोणीही करील तेच तुम्ही केलंत : बेसचं बटण शेवटपर्यंत फिरवलंत. मग ट्रेबल का मागं ठेवायचा, म्हणून तेही. मधला मिड मात्र खाली, कारण डीजेला तसंच लावतात. गाण्यातला माणूस आणि गिटारीतलं लाकूड दोघंही राहतात त्या मिडमध्येच, पण ते जाऊ द्या.

तर बेस वाढला. आणि बेसचे बॉक्स कुठे होते? स्टेजखाली. ‘जागा वाचते, दिसायलेबी चांगलं.’ म्हणजे मी लाकडी फळ्यांवर, फळ्यांखाली अठरा इंची स्पीकर, आणि माझ्या मांडीवर एक पोकळ पेटी. मोठ्या अंगाच्या गिटारीच्या पोटातली हवा साधारण १०० हर्ट्झला घुमते आणि पुढची फळी त्याच्या दुपटीच्या आसपास. ती घुमावी यासाठीच कारागीर जीव टाकतो. तुमचा बेस नेमका तिथेच वाढलेला. स्पीकर घुमला, फळ्या हलल्या, पेटी घुमली, पट्टीनं ते ऐकलं, मिक्सरला सांगितलं, मिक्सरनं पुन्हा स्पीकरला. हे चक्र एकदा सुरू झालं की वाजवणाऱ्याची गरज उरत नाही. मी दोन्ही हात वर केले होते, आठवत असेल तुम्हाला. गिटार स्वतःच ‘हूऽऽऽम’ करत होती आणि मंडळाच्या एका कार्यकर्त्यानं भक्तिभावानं हात जोडले.

बीटल्स नावाच्या मंडळींनी १९६४ मध्ये ‘आय फील फाइन’ या गाण्याच्या सुरुवातीला असा घुमारा मुद्दाम ठेवला होता. जॉन लेननची गिटार पोकळ पेटीची आणि पिकअपवालीच होती. फरक एवढाच, की त्यांनी तो काही सेकंदांत आवरता घेतला. तुमचा हात सैल.

याच्यावरही माझ्याकडे औषध होतं. गिटारच्या मधल्या भोकात बसणारं रबरी झाकण. ते लावलं की पेटीतल्या हवेची धडपड बरीच शांत होते, आणि पट्टीला काही फरक पडत नाही, कारण ती हवा ऐकत नाही, घोडीवरचा दाब मोजते. मी ते बसवताना तुम्ही धावत आलात. ‘अहो दादा, भोक बंद केल्यावर आवाज बाहेर कसा येईन?’ तुमच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती. इतकी, की मला समजावून सांगवेना. तुम्हीच ते काढलंत आणि बासरीवाल्याच्या खुर्चीखाली ठेवलंत.

वास्तविक करायचं होतं ते अगदी थोडं. ८० हर्ट्झच्या खालचं कापायचं. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली तर ८२ ला वाजते, त्याच्या खाली तिचं काही नसतं, फक्त पायांची धपधप आणि जनरेटर असतो. मग आवाज हळूहळू वाढवत न्यायचा, जिथे घुमायला लागेल तो स्वर हेरायचा आणि तेवढाच बारीक चिमटीत धरून खाली ओढायचा. उरलं तर सिग्नल उलटा करणारं फेजचं बटण एकदा दाबून पाहायचं. बेसचे बॉक्स स्टेजखालून काढून दोन्ही बाजूंना जमिनीवर. दहा मिनिटांचं काम. पण यातलं जवळपास सगळं ‘कमी करणं’ आहे, आणि तुमच्या धंद्यात बटण उलटं फिरवणं अपशकुनाचं मानतात, असा माझा अनेक वर्षांचा संशय आहे.

आता इको. भाऊ, मी तुमच्या इकोचा आदर करतो. हरिनाम सप्ताहात महाराजांचा ‘विठ्ठल’ तुमच्या इकोतून निघून शिवारातल्या सोयाबीनला प्रदक्षिणा घालून परत येतो, तेव्हा माझ्याही अंगावर काटा येतो. पण गिटारच्या प्रत्येक झटक्यामागं तोच झटका पुन्हा, त्यामागं अर्धा पुन्हा, म्हटल्यावर तबलजी बिचारा कोणत्या झटक्याला धरणार? त्यानं शेवटी माझ्याकडे बघणं सोडून दिलं आणि गायिकेच्या पायाच्या अंगठ्यावर ताल धरला.

त्यात मंडळाची इच्छा, की कार्यक्रम चौकातही ऐकू जावा. म्हणून तुम्ही विजेच्या खांबांवर भोंगे बांधलेत. शेवटचा भोंगा स्टेजपासून शंभरेक मीटरवर. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो, म्हणजे तिकडून आमच्याकडे परत येताना त्याला ०.३ सेकंद लागतात. आमच्या गाण्याची लय मिनिटाला १०० मात्रांची होती, एक मात्रा ०.६ सेकंदाची. उशीर बरोबर अर्ध्या मात्रेचा! तुमच्या खांबानं आमच्यासोबत नेमकी दोन मात्रांच्या मध्ये साथ केली. ज्यांना ती साधायला जन्म जातो त्यांनी यावं आणि तुमच्या खांबाखाली बसावं.

भोंग्याविषयी आणखी थोडं, कारण तो आपल्या जिल्ह्याचा लाडका आहे. साधारण ३००-४०० हर्ट्झच्या खालचं भोंगा उच्चारतच नाही. माणसाचं बोलणं त्यातून कळतं, म्हणून ‘लाल फ्रॉकातली मुलगी हरवली आहे, आई-वडिलांनी स्टेजजवळ यावं’ यासाठी त्याच्याइतकं उत्तम यंत्र नाही. गिटारच्या मोकळ्या तारा मात्र ८२, ११०, १४७, १९६, २४७ आणि ३३० ला वाजतात. सहापैकी पाच तारांचा मूळ स्वर भोंग्याच्या दारातच अडवला जातो, सहावी नशिबावर. चौकातल्या लोकांनी दुसऱ्या दिवशी मला विचारलं, ‘काल घुंगरं कोण वाजवत होतं?’

मॉनिटर हवा म्हटल्यावर तुम्ही एक टॉप उचलून आमच्या पाठीमागे ठेवलात, तोंड आमच्याकडे. गाण्याचा माईक पुढून ऐकतो, पाठीमागून कमी ऐकतो. म्हणून मॉनिटर माईकच्या पाठीला, म्हणजे गाणाऱ्याच्या समोर जमिनीवर ठेवतात. तुमचा टॉप गायिकेच्या पाठीमागून सरळ माईकच्या तोंडात बोलत होता. पुढच्या शिट्ट्या कोणी मारल्या, याचा शोध घेण्यासाठी तुम्ही प्रेक्षकांतल्या पोरांना दरडावलंत, तेव्हा मला त्या पोरांची बाजू घ्यावीशी वाटली.

इथवर थट्टा होती. पुढच्या गोष्टीची थट्टा मला करता येत नाही. तिसऱ्या गाण्यात गायिकेचा ओठ माईकला लागला आणि ती दचकून मागं सरली. मला तारांवर मुंग्या येत होत्या. तुम्हाला सांगितलं तर तुमचं उत्तर तयार होतं : ‘ताई, चप्पल घाला.’ मागे गणपती बसलेला, समोर आरतीचं ताट, ताई चप्पल घालून कशा गाणार? आणि चप्पल हे अर्थिंग नव्हे, भाऊ. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वे ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी इथे भर कार्यक्रमात माईकला हात लावायला गेला आणि विजेच्या धक्क्यानं स्टेजवरच मेला. अर्थिंग नीट नव्हतं. तुमच्या जनरेटरजवळ अर्थिंगचा रॉड होता. मी स्वतः पाहिला. त्याला बकरी बांधलेली होती.

बॅनरवर मंडळानं ‘अनप्लग्ड’ असं छापलं होतं. हे नाव १९८९ मध्ये सुरू झालेल्या एमटीव्हीच्या कार्यक्रमामुळे जगभर झालं, आणि त्यात सगळं काही प्लग्डच असायचं. एरिक क्लॅप्टनची १९९२ ची ती सुप्रसिद्ध साधी-सोपी गिटार लोकांपर्यंत पोचली ती माईक, वायरी, मिक्सर आणि समोर कान देऊन बसलेली जाणती माणसं यांच्या जोरावर. तुम्ही मात्र शब्दाला जागलात. मध्यंतरात चॅनल बंद न करता माझ्या गिटारची पिन उपटलीत. जो धडाका झाला त्यानं मखरातला एक मोर खाली आला.

आणि हे सगळं होत असताना तुम्ही होतात कुठे? स्टेजच्या मागं, पडद्याआड, भजीच्या गाड्याला लागून. मिक्सर तिथेच, कारण वायर कमी लागते. समोर बसलेल्या पाचशे माणसांना काय ऐकू येतंय ते तुम्हाला त्या जागेवरून ऐकू येणं शक्यच नव्हतं. तुम्ही आवाज बघत होतात. मिक्सरवरचे हिरवे दिवे लागले की चालू, पिवळे लागले की छान, लाल लागले की पार्टी खूश. माझा एकट्याचा तुकडा चालू असताना मी पडद्याच्या फटीतून पाहिलं, तर लाल दिवे अखंड तेवत होते आणि तुम्ही शेगावची कचोरी मोडून तिच्यात मिरची भरत होतात. किती एकाग्रतेनं! त्यातली निम्मी माझ्या वाट्याला आली असती तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. कारण तुमच्याकडे काय नाही? मिक्सर बरा आहे, माईक बरे आहेत, बॉक्स तर लग्नाचं आख्खं गाव नाचवतील असे. नव्हता तो फक्त समोरच्या सातव्या रांगेत, एका खुर्चीवर, गिटार कशी येतेय ते ऐकणारा माणूस.

तुमची बाजूही मी मंडळाच्या अध्यक्षांपुढे मांडली, हे तुम्हाला कळायला हवं. त्यांना म्हटलं, तुम्ही साउंड ठरवताना विचारलंत काय? किती टॉप, किती बेस, किती वॅट. कोणी विचारलं का, की गाणाऱ्यांना चेकला वेळ देणार का? पाहुण्यांच्या शाली-नारळांचा हिशेब चोख, आणि साउंडवाल्याच्या बिलातून मात्र घासाघीस करून दोन हजार काढले. काळ्या मातीच्या चिखलातून ती पोरं एकेक बेस उचलून आणतात, रात्री दोनला गाडी भरतात आणि पहाटे दुसऱ्या गावी मांडतात. अध्यक्ष म्हणाले, ‘बरोबर आहे तुमचं. पण आवाज दणदणीत होता ना?’ ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, हे मी त्यांना सांगणार होतो. पण तेवढ्यात तुमचा जनरेटर सुरू झाला आणि एकट्या त्यानंच दोन्ही आकडे मागं टाकले.

पुढच्या महिन्यात चिखलीला कार्यक्रम आहे. साउंड तुमचाच ठरलाय, असं आत्ताच कळलं. स्टेजवर कोण कुठे बसणार त्याचा कागद काढून पाठवतोय. गिटारच्या जागी मोठा गोल केलाय. मिक्सर समोर ठेवायला जास्तीची वायर लागली तर तिचं भाडं मी देईन. कचोऱ्याही आणेन, फक्त मध्यंतरात.

कळावे, लोभ असावा, गेन कमी असावा.

आपला,
स्टेजवर डावीकडून तिसरा

ता. क. : ती काळी डबी तुमच्या वायरींच्या पेटीत गेलीय. तुमच्या पोरानं तिच्यावर चहाचा ग्लास ठेवलेला मी पाहिला होता, नंतर दोन्ही गायब. ती चार्जर नाही, अ‍ॅडाप्टर नाही, कृपया तिला लायटिंगच्या माळेत लावू नका. आतली नऊ व्होल्टची बॅटरी तुमच्या कॉर्डलेस माईकसाठी काढून घेतलीत तरी हरकत नाही. डबी तेवढी मेहकर-चिखली गाडीच्या कंडक्टरजवळ द्या, मी स्टँडवरून घेईन. रबरी झाकणाचं बासरीवाल्याला विचारलंय; तो म्हणतो, ते तुम्ही डिझेलच्या कॅनला बसवलंय आणि अगदी फिट बसलंय. असू द्या तिथेच.